चौकट, ठिपका आणि 'एल'

आजोबांचा नाण्यांचा डबा माझ्याकडे आला. मुलांमध्ये मीच काय तो 'काँप्युटरवाला', म्हणून यादी करायचं काम आपसूक गळ्यात पडलं. यादी झाली की वाटप. त्यामुळे सध्या शनिवार-रविवार टेबललँप, दहापट भिंग आणि एक्सेल!

वर्ष आणि किंमत भरणं सोपं. खरी गंमत 'टांकसाळ' या कॉलमची. स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांवर बहुधा सालाच्या खाली इवलीशी खूण असते. पत्त्यातली चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा. आणि कोलकाता? काहीच नाही! म्हणजे रिकामी जागा हीच खूण. आता सांगा, झिजलेल्या नाण्यावर खूण दिसत नाही, तेव्हा ते कोलकात्याचं की खूणच पुसली गेलीये? डेटाबेसमध्ये 'नल' आणि रिकामी स्ट्रिंग यांवरून हापिसात भांडणारी मंडळी हे दुःख समजू शकतील. मी अशांपुढे सरळ 'वाचता येत नाही' लिहितो. मुंबईच्या चौकटीचे कोपरे झिजले की तीही ठिपक्यासारखी दिसते. पण नोएडाची टांकसाळ सुरूच झाली १९८८ साली, तेव्हा १९८२ च्या नाण्यावरचा ठिपका नोएडाचा असूच शकत नाही. मुंबईचाच.

हे सगळं ठीक होतं. मग निघाली गाठ मारलेली एक लहान पुरचुंडी.

आत अकरा नाणी. सगळी सहाव्या जॉर्जची, १९४३ ते १९४५ ची. काही रुपये, बाकी पावल्या. त्यातल्या सातांवर मागच्या बाजूला बारीक 'एल'. म्हणजे लाहोर. युद्धात सुट्या नाण्यांची मागणी वाढली, तेव्हा लाहोरला टांकसाळ चालू केली होती. फाळणीनंतर ती पाकिस्तानात गेली.

आता घरातली गोष्ट अशी, की आजोबा युद्धाच्या काळात लाहोरला कारकून होते. कागद एकही नाही, फोटो नाही, आणि ते स्वतः त्यावर कधी बोलले नाहीत. आत्या मात्र ठाम. तिचा मुलगा म्हणतो, सगळ्या दंतकथा. रुपये सराफाला देऊन टाक. (१९४० पासून रुपयात चांदी निम्मीच. ११.६६ ग्रॅमच्या नाण्यात ५.८३ ग्रॅम, म्हणून सराफही फार हुरळत नाही.)

आत्याला फोन केला. "बघ! मी म्हणत होते ना!"

"आत्या, थांब. लाहोरचा रुपया पुण्याच्या बाजारातही येऊ शकतो गं. खूण सांगते नाणं कुठे पाडलं ते. कुणाच्या खिशात गेलं ते नाही सांगत."

ती गप्प झाली. मलाच वाईट वाटलं. मग त्या रात्री उरलेला डबा पुन्हा चाळला. त्याच तीन वर्षांची आणखी एकोणचाळीस नाणी निघाली, आणि त्यांत 'एल' एकावरही नाही. सुटं असलेलं सगळं मुंबई-कोलकात्याचं आणि पुरचुंडीत सात लाहोरची. बरं, हौसेने निवडून ठेवली असती तर अकराच्या अकरा लाहोरची नसती का? त्यात चार मुंबईची आहेत. खिशात जसे सुटे जमतात तसा हा ढीग वाटतो मला. कोर्टात टिकणार नाही, पण योगायोग म्हणायलाही जड जातंय.

आत्याला हे सांगितलं, तेव्हा तिने फक्त विचारलं, "गाठ तू सोडलीस का?"

सोडली होती. पण कापड जपून ठेवलंय.

यादीत या अकरा ओळी आता वेगळ्या रंगात आहेत. 'टांकसाळ'मध्ये सातांपुढे लाहोर. 'कुठे मिळालं' हा कॉलम मी नव्याने घातला, आणि त्यात 'आत्याच्या म्हणण्यानुसार लाहोर' असं लिहिलंय. वाटपात ही पुरचुंडी फोडायची नाही, एवढं मी सगळ्यांना मेल करून टाकलंय. आत्याच्या मुलाचं उत्तर अजून यायचंय.