अंगावर काढणं सोडलं

दुखणं बोलून दाखवलं की वाढतं, असं मी बरीच वर्षं मनापासून मानत होते. मी चंद्रपूर जिल्ह्यातली. आमच्याकडे सिकलसेल कुणाला समजावून सांगावा लागत नाही; नात्यागोत्यात कुणी वाहक असतो, कुणी माझ्यासारखा ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण. तरीही माय म्हणायची, पोटात ठेव. त्यात मुलीच्या लग्नाची काळजी होती आणि एक श्रद्धाही होती, की हसतमुख माणूस आजाराला पुरून उरतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून कोकण किनाऱ्यावर, रेवदंड्याच्या बाजूला आले, तेव्हा ती श्रद्धा मी सोबत आणली. इथे सगळे म्हणत, बाई कायम हसऱ्या. मला ते आवडायचं.

आज माझं मत नेमकं उलटं आहे.

निरोगी माणसाची तांबडी पेशी साधारण 120 दिवस टिकते, माझी 10 ते 20 दिवसांत फुटते. अंगातलं पाणी कमी झालं, गारठा लागला, ताप आला, फार दमणूक झाली, की या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठरतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सुरुवात बहुतेक डाव्या मांडीत होते. आधी नुसता ठणका. अर्ध्या तासात जमिनीवर पडलेला खडू वाकून उचलता येत नाही. फळ्याकडे तोंड करून तारीख लिहायची, श्वास सावरायचा आणि मग मुलांकडे वळून हसायचं, हे मला अगदी सराईतपणे जमायचं.

मत बदललं ते परळला, दवाखान्याच्या रांगेत. थंडीचे दिवस होते. मांडव्याहून लाँचने निघाले होते. वरच्या डेकवरचा वारा मला सोसत नाही म्हणून खाली, गुडघ्यांवर शाल घट्ट लपेटून बसले होते, तरी उतरेपर्यंत मांडी धरलीच. रांगेत माझ्यापुढे नंदुरबारकडचा एक तरुण होता. डॉक्टरांना त्याने धडाधड सांगितलं : कालपासून कंबर, दहापैकी सात, ताप नाही, तीन लिटर पाणी गेलं, गोळी सकाळी घेतली. ना लाज, ना रडगाणं. आणि बाहेर येऊन बाकड्यावर बसला तो बहिणीच्या लग्नातल्या मंडपाचा हिशेब फोनवर मोठ्याने करायला लागला. इतका मोकळा माणूस मी त्या रांगेत दुसरा पाहिला नाही. तेव्हा मला कळलं की माझा सगळा दिवस पहाऱ्यावर जातो. कुणाला कळू नये म्हणून मी इतकी राबत होते की खरोखर आनंदी व्हायला माझ्याजवळ काही उरतच नव्हतं.

परत आल्यावर मुख्याध्यापकांना सांगितलं. वर्गालाही सांगितलं, त्यांना कळेल अशा भाषेत. आता टेबलावर पाण्याची बाटली असते आणि ती तशीच भरलेली दिसली की पहिल्या बाकावरून हाक येते, “बाई, पाणी!” या दमट हवेत घाम किती गेला ते कळत नाही, त्यामुळे त्या हाकेचा फार उपयोग होतो. शेजारची कोळीण तर माझा चेहरा वाचते. “बाय, दुखतंय ना? मंग बोल की,” म्हणते आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन येते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माझ्या आजच्या बऱ्या दिवसांत मोठा वाटा रोजच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीचा आहे. गर्भात असताना असतं ते हिमोग्लोबिन ती गोळी रक्तात वाढवते, त्यामुळे कळा कमी वेळा येतात. रुग्णाला नुसतं ‘सकारात्मक राहा’ म्हणणाऱ्यांनी आधी त्याला गोळी वेळेवर मिळते का, रक्त मिळतं का, तपासणीला जायला रजा मिळते का, हे विचारावं. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून हेच प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरले; 2018 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचं नाव आहे, ते आमच्यातल्या माणसांनी दुखणं चारचौघांत मांडलं म्हणून. गप्प राहून ते झालं नसतं.

किनाऱ्यावर हा आजार ओळखणारे अजून थोडे. एकदा एका दवाखान्यात माझ्या कळांना नाटक म्हटलं गेलं. तेव्हापासून रिपोर्टची प्रत पर्समध्ये असते. 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी त्यात आहे. पण दिवाळीनंतर आईबापांसोबत वीटभट्टीवर जाणारं कातकऱ्यांचं पोर शिबिराच्या दिवशी गावात नसलं, तर त्याचं रक्त तपासणार कोण?

म्हणून माझं मागणं शिक्षकांकडे आहे. एखाद्या मुलाचे डोळे पिवळट दिसत असतील, हातपाय वारंवार दुखत असतील, तर आळशी म्हणू नका, त्याची रक्ततपासणी करून घ्यायला सांगा. सिकलसेल असलेल्या मुलाला तासाच्या मध्येही पाणी पिऊ द्या आणि लघवीला जाऊ द्या. त्याला दोन्ही जास्त वेळा लागतं. आणि त्याला ताप आला तर उद्यावर ढकलू नका. त्याची प्लीहा निकामी होत गेलेली असते, साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.