मृगापासून मृगापर्यंत : वसईच्या वाडीतले एक वर्ष

वाचकहो, नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा तुम्ही पाहिली असेल. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर टांगलेली घंटाही पाहिली असेल. भीमाशंकराला गेला असाल, तर तिथलीही नजरेत असेल. या घंटा मूळच्या या देवळांच्या नव्हेत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठे सरदारांनी विजयाची खूण म्हणून आपापल्या मुलखात नेल्या, असे सांगतात. म्हणजे वसईचा आवाज तुमच्या कानांवर आधीच पडलेला आहे. आज त्या वसईलाच तुम्हांला घेऊन जायचे आहे.

मुंबईहून विरार गाडीत बसा. तास-सव्वा तासाने वसई रोड येते. पश्चिमेला उतरलात की पहिल्याने दिसतात त्या इमारती. दुकाने, रिक्षा, गर्दी. तुम्ही म्हणाल, हे तर शहर! पण जरा दम धरा. गावांकडे जाणारा रस्ता धरलात की हवा बदलते. दोन्ही बाजूंना केळी, नारळ, पानवेलीचे मांडव, जुई-मोगऱ्याची शेते लागतात. वळणावळणावर चुनकळी मारलेला क्रूस उभा असतो आणि त्याच्या गळ्यात ताजी झेंडूची माळ असते. नावे विचाराल तर डाबरे, लोपीस, परेरा, रॉड्रिग्ज. घरातली बोली मात्र आपल्या मराठीचीच बहीण. कुठे सामवेदी, कुठे वाडवळी, किनाऱ्याला कोळी. वयस्कर बायका अजून लाल लुगडे नेसलेल्या दिसतात. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी हे लोक ख्रिस्ती झाले. पुढे पोर्तुगीज गेले, किल्ल्यातली चर्चे ओस पडली, पण गावोगावचा ख्रिस्ती शेतकरी आपली वाडी सोडून कुठे गेला नाही.

अशाच एका गावातल्या शेतकऱ्याच्या घरी मी वर्षभर अधूनमधून जात होतो. यजमानांची वाडी जेमतेम तीस गुंठ्यांची. वय सत्तरीच्या पुढे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांच्या गावच्या चर्चचे एक वर्ष मी पाहिले, ते तुमच्यापुढे ठेवतो. वर्ष मोजायचे ते आपल्या शेतकऱ्यांच्या हिशेबाने, मृगापासून.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला त्या दिवशी काका मला घराकडे न नेता सरळ चर्चच्या मागे घेऊन गेले. तिथे एक मोठा खोल खड्डा आहे. कडेला भेंडीची आणि नारळाची झाडे. खड्ड्यात पावसाचे पाणी धो धो उतरत होते. "हे बावखल," काका म्हणाले. "आमच्या आजोबा-पणजोबांनी खणलेले."

बावखल म्हणजे वसईच्या शेतीचे गुपित. समुद्र हाकेच्या अंतरावर. जमीन रेताड. विहिरीतून उपसा जास्त झाला की खारे पाणी आत सरकते आणि केळीची पाने कडेने करपू लागतात. म्हणून जुन्या लोकांनी जागोजागी बावखले खणली. पावसाळ्यात ती भरतात, गोडे पाणी हळूहळू जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरी उन्हाळ्यापर्यंत गोड राहतात. पूर्वी त्यांच्या काठी राहाट चालत. आता पंप आले, पण पाणी मुरण्याची रीत तीच आहे. आपल्याकडच्या शेततळ्याचे हे थोरले भावंड म्हणा.

पुढच्या रविवारी मिस्साला गेलो तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माणसे पायऱ्यांवर, छत्र्या धरून आवारात उभी. काका म्हणाले, "मी लहान असताना सगळा गाव आत बसून शेवटचे दोन बाक रिकामे राहत."

हे कशाने झाले? वाचकहो, मुंबईत घरे परवडेनाशी झाली, तशी माणसे वसईकडे आली. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. आलेल्यांत गोव्याचे, मंगळूरचे, केरळ-तमिळनाडूचे ख्रिस्तीही पुष्कळ. त्याआधीच, १९९८ साली, मुंबईपासून वेगळा असा वसई धर्मप्रांत झाला. पहिले बिशप थॉमस डाबरे, ते याच मातीतले. स्टेशनाच्या बाजूला नवी धर्मग्रामे उभी राहिली. जिथे आजोबांच्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये होई आणि १९६०च्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली, तिथे आता कोंकणी, इंग्रजी, हिंदी मिस्साही लागतात. गाव म्हणून हे चर्च वाढले नाही, शहर म्हणून वाढले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचाच गुंता होणार आहे.

श्रावण-भाद्रपद वाडीच्या कामात गेले. पंधरा ऑगस्टला इथे दुहेरी सण. सकाळी झेंडावंदन, आणि त्याच दिवशी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सोहळा. आठ सप्टेंबर हा मातेचा जन्मदिन. आधीचे नऊ दिवस मुले रोज परडीत फुले घेऊन चर्चला जातात. वाडीतला मोगरा-जुई एरवी दादरच्या फुलबाजाराला जायचा. या नऊ दिवसांत पहिली ओंजळ मातेला आणि उरलेली बाजाराला. काकी हसून म्हणाल्या, "आईला देऊन कमी पडत नाही, व्यापाऱ्याला देऊनच पडते."

ऑक्टोबरात सुगीचा सण झाला. पहिल्या भाताच्या लोंब्या चर्चला अर्पण करायच्या, फादरांनी त्या आशीर्वादित करायच्या आणि मग घरोघरी नव्याचे जेवण. आपल्याकडे नवान्न करतात तसेच हे. मिरवणूक निघाली. पुढे कॉयर, मागे टोपल्या. टोपल्यांत केळीचे लोंगर, शिराळी, दुधी, नारळ. मी लोंब्या शोधत होतो. काकांच्या हातात एकच जुडी होती. नंतर कळले की तीही दुसऱ्या गावच्या मेहुण्याकडून आणलेली. काकांच्या गावात त्या वर्षी भात कोणीच लावले नव्हते. काही खाचरे विकली गेली होती, काही पडून होती. इमारतींतून आलेल्या बायकांनी बाजारातून विकत आणलेली भाजी मोठ्या श्रद्धेने टोपलीत ठेवली होती. फादरांनी सगळ्यांवर सारखेच पवित्र पाणी शिंपडले. काका काही बोलले नाहीत. घरी आल्यावर ती जुडी त्यांनी देव्हाऱ्याला बांधली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत बसले.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला मृतांचा दिवस. सारे दफनस्थान फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरून जाते. त्या संध्याकाळी जुने आणि नवे फरकाने दिसतात. जुन्यांच्या वाडवडिलांची माती इथे आहे. नव्यांची मंगळूरला, केरळात राहिली. म्हणून एका कोपऱ्यात सर्वांसाठी एक मोठा क्रूस आहे. परगावचे लोक तिथे मेणबत्ती लावतात. काकींनी आपल्या सासूच्या थडग्यावरची अर्धी फुले उचलली आणि त्या क्रूसापाशी ठेवली. कोणी सांगितले नव्हते.

नाताळच्या आधी काकांच्या नातवंडांनी ताटलीत माती पसरून नाचणी पेरली. आठ-दहा दिवसांत हिरवीगार लव उगवली. ती गव्हाणीभोवती ठेवली की झाले बेथलेहेमचे शेत. घराघरावर चांदण्या, तळणीत करंज्या आणि फुगे. मध्यरात्रीच्या मिस्साला माणूस रस्त्यापर्यंत होता आणि गाड्यांनी दोन्ही बाजू अडवल्या होत्या. एका आजारी बाईंना घेऊन जाणारी रिक्षा त्या गर्दीत अडकली. तिथेच गुंता सुरू झाला.

जानेवारीत सभा भरली. प्रस्ताव सरळ होता. चर्चमागचे बावखल बुजवावे, वर फरशी टाकावी, म्हणजे गाड्या लागतील आणि सणाला मांडवही घालता येईल. पैसे द्यायला माणसे तयार होती. मांडणारे वाईट नव्हते. त्यांच्याच आया पायऱ्यांवर उन्हात उभ्या राहत होत्या. एकाने विचारले, "काका, खड्डा महत्त्वाचा की माणूस?" काका उठले, म्हणाले, "विहीर खारी झाली की माणूस कुठे राहील?" आणि बसले. त्यांना भाषण येत नाही. निर्णय पुढे ढकलला गेला.

मंडळी, तुमच्या गावातही गावतळे बुजवून त्यावर काही बांधायचा विषय निघाला असेल. म्हणून तुम्हांला हे परके वाटणार नाही.

फेब्रुवारीत काका मला वसईच्या किल्ल्यात घेऊन गेले. संत गोन्सालो गार्सिया हा वसईचा मुलगा. १५९७ सालच्या पाच फेब्रुवारीला जपानात नागासाकीला त्याला क्रूसावर चढवले. १८६२ साली रोममध्ये त्याला संत म्हणून जाहीर केले. भारतात जन्मलेला तो पहिला संत. पडक्या भिंतींत, वडाच्या पारंब्यांखाली आम्ही बसलो. काका म्हणाले, "केवढाली चर्चे बांधली होती बघा. आज छप्पर नाही. आणि आमचे कौलारू चर्च राहिले, कारण भोवती वस्ती राहिली, वाडी राहिली."

मग आला राखेचा बुधवार. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या झावळ्या लोक परत आणतात, त्या जाळतात आणि तीच राख कपाळाला लावतात. तिथून चाळीस दिवसांचा उपवासकाळ. लग्ने बंद, चैन बंद, शुक्रवारी चौदा थांब्यांची क्रूसाची वाट. ईस्टरची तारीख दर वर्षी का बदलते, असे तुम्ही विचाराल. २१ मार्चच्या सुमारास किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा धरायची आणि तिच्यापुढचा रविवार घ्यायचा. म्हणजे चंद्राचाच हिशेब, आपल्या सणांसारखा.

त्याच काळात पाण्याने आपले मत सांगितले. चर्चपासून दूर, जिथे दोन जुनी बावखले बुजून इमारती झाल्या आहेत, तिथल्या विहिरींचे पाणी मचूळ लागू लागले. एका पानवेलीच्या मांडवाची पाने पिवळी पडली. चर्चजवळच्या विहिरी मात्र गोड होत्या. इमारतीतल्या ज्या बाईंनी सभेत प्रस्तावाला हात वर केला होता, त्याच एका दुपारी नळ कोरडा पडल्यावर काकांच्या विहिरीवर कळशी घेऊन आल्या. काकींनी त्यांना आधी सरबत दिले, मग दोर. शहराला पाणी दूरच्या सूर्या प्रकल्पातून, आदिवासी शेतकऱ्यांच्या मुलखातून येते. ते नाही आले, तर शेजारच्याच बावखलाचा आधार, हे त्यांना त्या दिवशी कळले.

ईस्टरनंतर पुन्हा सभा झाली. या वेळी एक तरुण बोलला. त्याने फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची आठवण काढली. ते नंदाखालचे, १९८३ ते २००७ 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. झाडे आणि पाणी वाचवण्यासाठी 'हरित वसई'च्या चळवळीत ते रस्त्यावर उतरले होते. "त्यांच्या फोटोला हार घालायचा आणि मागे बावखल बुजवायचे, हे जमणार नाही," तो म्हणाला. मग कळशीवाल्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मी माझा हात खाली घेते."

तरी गर्दीचा प्रश्न उरलाच होता. तो असा सुटला : रविवारी एक मिस्सा वाढवायची, गाड्या शाळेच्या मैदानावर लावायच्या, म्हाताऱ्या माणसांना आतली जागा राखायची आणि आवारात पत्र्याची साधी पडवी काढायची. सगळे खूश झाले असे नाही. मैदानापासून चालावे लागते म्हणून कुरकुर आजही आहे. पण या लोकांना एकत्र येऊन प्रश्न सोडवायची सवय जुनी. १९१८ साली सावकाराच्या कचाट्यातून सुटायला त्यांनी पतपेढी काढली, तीच आजची बसीन कॅथलिक सहकारी बँक.

मे महिन्यात लग्नसराईच्या धामधुमीत चार रविवार बावखलातला गाळ काढला. घमेली पुढे सरकवणाऱ्या रांगेत केरळची नर्स होती, मंगळूरचा बँकवाला होता, शेजारच्या आळीतले हिंदू वाडवळही होते. पाणी काही एका धर्माचे नसते. निघालेला गाळ काकांनी केळीला घातला आणि एका कोपऱ्यात चार हात जमीन मोकळी ठेवली.

"इथे काय?" मी विचारले.

"भात," काका म्हणाले. "टोपलीभर होईल. सुगीच्या सणाला या वर्षी लोंबी घरची नेईन."

मृग लागला तेव्हा मी पुन्हा तिथे होतो. बावखलात गुडघाभर पाणी चढले होते. चर्चची घंटा झाली आणि नव्या पडवीखाली माणसे जमू लागली. तुम्ही कधी वसईला गेलात, तर किल्ला जरूर पाहा. पण नंतर एखाद्या गावच्या चर्चमागे जाऊन पाहा. पाणी दिसले, तर समजा की त्या गावात अजून शेतकरी आहे.