खाडा पडल्यावर

जानेवारीत अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर आणि अमरावतीत छत्री तलावाकडे पहाटे फिरणाऱ्यांची गर्दी असते. उन्हं तापू लागली की ती पांगते. गळालेल्यांना आळशी म्हणून आपण मोकळे होतो, पण हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. ज्यांचा व्यायाम विशी-पंचविशीपासून म्हातारपणापर्यंत टिकतो, त्यांचा निर्धार इतरांहून मोठा असतोच असं नाही. रोज नव्याने निर्धार करायची वेळच त्यांच्यावर येत नाही, कारण तशी सोय भोवती असते. अमरावतीत ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उभी राहिली. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या आखाड्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं केली. बर्लिनचं कौतुक व्हायलाच हवं, पण माझं लक्ष आखाड्याच्या रोजच्या रिवाजाकडे जातं. आल्यावर फावड्याने माती उकरायची, ढेकळं फोडायची, लंगोट कसायचा, मग जोर-बैठका. आज व्यायाम करू की नको, हा प्रश्न यात कुठेच येत नाही. माती उकरता उकरता अंग तापलेलं असतं, जोडीदार समोर उभा असतो आणि कोण आलं नाही हे वस्तादाला न मोजता कळतं.

मानसशास्त्रही याच अंगाने बोलतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला. एखादी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस (मध्यक) लागतात, असा त्यांचा अंदाज निघाला. माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. म्हणजे एकवीस दिवसांत सवय लागते, या लाडक्या समजुतीला फारसा आधार नाही. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की, एखादा खाडा पडल्याने सवय जडण्यात म्हणावा तसा अडथळा आला नाही. व्यायाम मोडतो तो बहुधा खाड्यानंतरच्या शरमेने. आठवडाभर पेरणीत गेलेला गडी आखाड्यात परतला की चार शब्द ऐकतो आणि मातीत उतरतो. एकट्याने चालणाऱ्याला मात्र परत बोलावणारं कोणी नसतं.

यावर कोणी म्हणेल, ही तर धाकाची शिस्त. गाव सुटलं की संपली. ते खरंच आहे. धाकाने माणूस येतो, पण टिकतो तो आवडीने, जमू लागल्याच्या समाधानाने आणि सोबत्यांच्या ओढीने. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या प्रेरणेविषयीच्या सिद्धांतातही स्वेच्छा, क्षमता आणि आपलेपणा याच तीन गरजा आहेत. चांगला वस्ताद या तिन्ही भागवतो, वाईट वस्ताद नुसता दम देतो. दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. बहुतेक जुने आखाडे पुरुषांचे होते. दिवसभर निंदण करून आलेल्या बाईला किंवा रात्रपाळीच्या परिचारिकेला जोर-बैठकांचं प्रवचन कोणत्या तोंडाने द्यायचं? मजुरीने थकलेल्या देहाला आधी विसावा हवा. परिचारिकेला हवी ती तिच्या पाळीशी जुळणारी वेळ आणि सोबतीला दोघीजणी. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा फिरायला उजाडण्याआधीचा तास-दीड तासच उरतो. त्या वेळी बागेचं फाटक बंद आणि रस्त्यावर अंधार असेल, तर घरी राहिलेल्या बाईच्या इच्छाशक्तीला नावं ठेवण्यापेक्षा नगरसेवकाकडे फाटकाची आणि दिव्यांची मागणी लावून धरावी.