ट्रॅक थांबत नाही

अकलूजची राज्यस्तरीय लावणी स्पर्धा 1993 साली सुरू झाली. पुढे तिच्यात खंड पडला, तेव्हा हळहळ झाली ती मुख्यतः एक मोठा मंच गेल्याची. आम्हा ढोलकीवाल्यांना ते पुरतं पटत नाही. मंच काय, धाडसारख्या मराठवाड्याच्या वेशीवरल्या गावातही उभा राहतो आणि त्यावर लावणीही होते. पण ती पेनड्राइव्हमधली, आणि ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. बैठकीच्या लावणीत एकच ओळ चार-पाचदा घेतात. बाई बसल्या जागी दर खेपेला निराळी अदा करते, कधी रुसवा, कधी लटकी दटावणी. तिची भुवई वर जाते तेवढा वेळ ढोलकीवाला हात आवरून धरतो आणि मग घिस्सा देत तिला समेवर आणतो. हे दोघांनी वर्षानुवर्षं एकत्र बसल्याशिवाय जमत नाही. पारंपरिक लावणी जिवंत साथीवर मागणारी स्पर्धा गेली, की वादक सोबत नेण्याचं कारणच उरत नाही. लावणीच्या संचाच्या, म्हणजे पार्टीच्या, खर्चाला कात्री लागते ती आधी त्याच्यावर.

यावर कुणी म्हणेल, कलेला शर्यतीला जुंपायचंच कशाला? 2012 साली पद्मश्री मिळालेल्या यमुनाबाई वाईकर काही स्पर्धेत घडल्या नाहीत. खरं आहे. पण त्यांच्या काळी समोर बसून बारकावे टिपणारा रसिक होता. तो पांगला, म्हणून ते काम परीक्षकांवर आलं. परीक्षकांना खूश करायला नाचणं वाईटच, पण शिट्ट्यांसाठी नाचणं त्याहून वाईट.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो: अकलूजसारखी एका घराण्याच्या उत्साहावर चाललेली स्पर्धा कधी ना कधी थांबणारच. पण थांबल्यावर मागे काय उरतं, तेही बघायला हवं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानची बॅलेची स्पर्धा 1973 पासून चालू आहे. तिथले परीक्षक मंचाआधी वर्गातला सरावही बघतात आणि बक्षीस म्हणून नावाजलेल्या शाळेत शिकायची शिष्यवृत्ती मिळते. ती उद्या बंद पडली तरी शिकलेली पोरं मागे राहतील. आपल्याकडे रोख रक्कम हाती पडते आणि संपते. त्यातली निम्मी रक्कम विजेतीला एखाद्या जुन्या गायिकेकडे सहा महिने शिकण्यासाठी राखून ठेवावी, सोबत तिच्या ढोलकीवाल्यालाही बसवावं. पार्टीमालकिणी कुरकुर करतील आणि त्यांचंही चुकणार नाही, कारण चांगली नाचणारी सहा महिने बारीवर नसली तर धंदा बसतो. ती तूटही बक्षिसातच धरावी लागेल.