कानाचे माप

माणूस घडविताना ब्रह्मदेवाने डोळ्यांना पापण्या दिल्या, तोंडाला ओठ दिले. कानांना झाकण द्यायचे मात्र त्याच्या हातून राहून गेले. नको ते पाहायचे नसेल तर डोळे मिटता येतात. नको ते बोलायचे नसेल तर तोंडही मिटता येते. ते मिटणारे थोडे, ही गोष्ट निराळी. कान बिचारे रात्रंदिवस सताड उघडे. शेजारच्या लग्नातला बँड काय, प्रचाराच्या जीपवरचा भोंगा काय, जो येतो तो विनापरवाना आत शिरतो. ब्रह्मदेवाची ही राहिलेली बाब पुरी करण्यासाठीच माणसाने हेडफोन काढला असावा, असे मला पुष्कळदा वाटते.

आमच्या लोणारच्या घरात या वस्तूची गरज यंदा एकदमच दोन बाजूंनी उभी राहिली. मी पेन्शनर. रात्री झोप लागेना की मोबाईलवर जुने गाणे लावतो. "अहो, तुमचा मल्हार बरसू लागला की माझी झोप वाहून जाते," असे सौभाग्यवतीने चारदा सांगितले, तेव्हा प्रश्न गंभीर झाला. नात बारावीत, तिच्या शिकवण्या मोबाईलवर चालतात, आणि घर तीन खोल्यांचे. म्हणजे संच दोन हवेत. गृहखात्याने एकूण दोन हजार रुपये मंजूर केले आणि पुरवणी मागणी येणार नाही, हेही तेव्हाच बजावले.

गरिबाने हेडफोन शोधणे ही काही आजची गोष्ट नव्हे. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या युटा प्रांतात नथॅनियल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हेडफोन बनविले आणि तिथल्या नौदलाला पाठविले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्या काळी मोठ्या कर्ण्याचा व्हॉल्व्हचा रेडिओ ही श्रीमंताची चैन होती. ज्याला ते परवडत नसे, तो क्रिस्टल सेट जोडी. त्याला वीज लागत नसे. पण त्यातला आवाज इतका क्षीण, की हेडफोन कानाला लावल्यावाचून काही ऐकूच येऊ नये. तेव्हा थोड्या पैशांत चांगले ऐकण्याची धडपड या वस्तूच्या जन्मापासूनची आहे. तीच परंपरा चालवीत मी दुकानाच्या पायऱ्या चढलो.

दुकानदार माझा जुना विद्यार्थी. त्याने काउंटरवर पाच-सहा खोकी मांडली. "सर, हे न्या. लय बेस हाये याच्यात!" खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापले होते : २० ते ४०,००० हर्ट्‌झ. मला हसू आले. निरोगी तरुण माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकतो. वय वाढते तशी ही वरची मर्यादा खाली उतरत जाते. माझ्या वयात बारा हजारांच्या पलीकडचे ऐकू आले तरी नशीब समजायचे. उरलेले अठ्ठावीस हजार मी कुणासाठी विकत घ्यायचे? वटवाघळे पाळायचा बेत असता, तर गोष्ट वेगळी होती.

खोक्यावरच्या आकड्यांपैकी कामाचा आकडा एखादाच. 'ओहम' म्हणून जो लिहितात, तो पाहावा. मोबाईलवर ऐकायचे असेल तर तो सोळा किंवा बत्तिसाच्या आसपास असावा. अडीचशे-तीनशे ओहमचे हेडफोन स्वतंत्र अँप्लिफायरसाठी असतात. मोबाईलला जोडले तर ते पुरते जागेच होत नाहीत. बाकीचे आकडे लग्नपत्रिकेतल्या पदव्यांसारखे. वाचावेत आणि नवरामुलगा प्रत्यक्ष पाहावा.

आणि तो 'बेस' म्हणून जो खर्ज, तो खोक्यात नसतो. तो कानाच्या तोंडाशी असतो. इअरफोनची रबरी टोपी कानात घट्ट, पण न टोचता बसली तर खर्ज आत राहतो. फट राहिली की निघून जातो. इतके हे सोपे आहे. खोक्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन मापांच्या टोप्या दिलेल्या असतात. बहुतेक लोक आधीच चढविलेली तेवढी वापरतात आणि बाकीच्या पिशवीसकट फेकून देतात. मी दुकानातच बसून साऱ्या लावून पाहिल्या. तेव्हा कळले, की माझ्या उजव्या कानाला मध्यम टोपी लागते आणि डाव्याला लहान. साठ वर्षे ज्यांना मी जुळे भाऊ समजत होतो, ते नुसते शेजारी निघाले! पायांत दोन मापांच्या चपला घालून हिंडणारा माणूस विरळा. पण कानांत एकाच मापाच्या टोप्या कोंबून "या इअरफोनात काही दम नाही" म्हणणारे घरोघर आहेत. चपलेसारखाच हेडफोनही ज्याच्या त्याच्या मापाने घ्यावा.

"गाणे लावू का, सर?" त्याने विचारले. दुकानात लावतात ते गाणे मुद्दाम निवडलेले असते. त्यात ढोल असा घुमतो, की पत्र्याचा डबाही गोड वाटावा. मी माझेच गाणे नेले होते. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी मी कित्येक वर्षे ऐकतो आहे. १९७७ साली अमेरिकेची दोन व्हॉयेजर याने अवकाशात गेली, त्यांवरच्या सोनेरी तबकडीत ती आहे. आमच्या गावाला आकाशातून दगड मिळाला, त्याची ही सुरेल परतफेडच म्हणायची. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात फार वरचे सूर मुळी उतरतच नसत. तरी आवाजाची धार, तानेतला दाणा न्‌ दाणा, सारे त्यात आहे. ज्या हेडफोनात ते दाणे सुटे ऐकू येतात, तो चांगला. जिथे त्यांचा लगदा होतो, तो परत. मग एखादे बातमीपत्र ऐकावे. निवेदक पांघरुणातून बोलतो आहे असे वाटले, तर तोही परत. आणि ही परीक्षा हळू आवाजात घ्यावी. मोठ्या आवाजात सारेच हेडफोन गुणी वाटतात.

"काहून सर, हे नाही आवडलं? बाहेरचा आवाज बंद होते याच्यात," असे म्हणत त्याने एक महागडे खोके पुढे केले. ही युक्ती विलक्षण आहे खरी. अमर बोस या भारतीय वंशाच्या अमेरिकन अभियंत्याला ती १९७८ साली विमानप्रवासात सुचली. बाहेरचा आवाज बारीक मायक्रोफोनने टिपायचा आणि त्याच्या नेमकी उलटी लाट आत सोडून त्याला मारायचे. विमानाचा किंवा एस. टी.च्या इंजिनाचा एकसुरी घरघराट त्याने छान मरतो. माणसांचे बोलणे तितकेसे मरत नाही. म्हणजे रोज मेहकरला एस. टी.ने जाणाऱ्याने त्याला पैसे द्यावेत. मी कशाला द्यावेत? शांतता विकत घेण्याची पाळी ज्या गावावर अजून आली नाही, त्या गावात मी राहतो. सकाळी विवराची वाट उतरू लागले की गावाचा गलबला काठावरच राहतो. खाली कमळजादेवीच्या देवळापाशी पोहोचावे, तर मोराची हाक आणि आपल्याच पायांखालचा पाचोळा, एवढेच ऐकू येते. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा सारे जग ते पाहायला धावले. तिथली शांतता ऐकायला कुणी आल्याचे स्मरत नाही. तिथे मी हेडफोन नेत नाही. रात्री दहानंतर आमची गल्लीही जवळजवळ तितकीच शांत असते. ती शांतता फुकटात पदरी असताना तिचे दाम मोजणे म्हणजे विहिरीच्या काठी बसून पाण्याची बाटली मागविणे होय.

बिनतारी घ्यावा की तारेचा, यावर नातीची आणि माझी वाटेतच खडाजंगी झाली. तिच्या मैत्रिणींकडे बिनतारी आहेत. मी म्हटले, "बाळ, त्या इवल्या बोंडांतली बॅटरी दोन-चार वर्षांत दमते आणि बहुधा बदलता येत नाही, मग चांगली बोंडेही कचऱ्यात. शिवाय त्याच पैशात तारेच्या इअरफोनचा आवाज सरस मिळतो." ती म्हणाली, "आबा, पण तार गुंतते." मी म्हटले, "गुंतलेली तार सोडविता येते." यावर ती बोलली नाही, पण पटल्यासारखी दिसली. शेवटी हिशेब असा झाला : मला कानावर बसणारा साधा हेडफोन साडेसातशेला, तिला तारेचा इअरफोन पाचशेला, दोन जास्तीच्या टोप्यांची पाकिटे शंभराला, आणि तिच्या मोबाईलला गोल भोक नसल्यामुळे मधली जोडणी दीडशेला. एकूण पंधराशे. पाचशे शिल्लक पाहून सौभाग्यवतीने प्रथमच माझ्या व्यवहारज्ञानाची तारीफ केली.

त्या पाचशेला वाट फुटली ती राखीपौर्णिमेला. धाकटे मेहुणे खामगावहून आले. त्यांचा जन्म एका जिनिंगमध्ये, यंत्राशेजारी उभे राहण्यात गेला. गेली काही वर्षे ते घरात असून नसल्यासारखे असतात. आपण बोलतो, ते हसतात, आणि ते हसणे चुकीच्या जागी आले की सारे गप्प होतात. माझा नवा हेडफोन त्यांनी हौसेने डोक्यावर चढविला, आवाज शेवटपर्यंत नेला आणि थोड्या वेळाने काढून ठेवला. "आवाज येतो, भाऊजी," ते म्हणाले, "पण शब्द उमजत नाहीत."

नात जवळच बसली होती. तिने मोबाईलवरचा आवाजाचा पट्टा पाहिला. तिचा स्वतःचा पट्टाही पुष्कळदा तिथपर्यंतच असे.

आम्ही मेहुण्यांना बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. काचेच्या खोलीत बसवून त्यांच्या कानांवर हेडफोन लावला. मला गंमत वाटली. आपण हेडफोनात मोठ्यात मोठा आवाज शोधतो. इथे लहानात लहान शोधत होते. बारीकशी शीळ वाजे, आणि ऐकू आली की त्यांनी बोट वर करायचे. खर्जाला बोट चटकन वर होई. पुढे पुढे शीळ उंच होत गेली आणि बोट मांडीवरच राहू लागले. कागदावर जो आलेख निघाला, तो उजवीकडे विवराच्या कड्यासारखा कोसळलेला होता. 'स', 'त', 'फ' ही व्यंजने त्या उंच भागात राहतात. ती गळाली की वाक्य ऐकू येते, पण अर्थ लागत नाही. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसाळ पेशी प्रत्येक बाजूला अवघ्या पंधरा-सोळा हजार असतात. एकदा मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही.

"माझंही काढतील का माप?" नातीने विचारले. काढले. आलेख सरळ आला. त्या दिवशी दोघी आजी-नाती परतीच्या एस. टी.त जास्तच बडबडत होत्या.

तेव्हा हेडफोन घेणाऱ्याला माझे एवढेच सांगणे, की पैसे वाचवावेत, पण कान आधी वाचवावा. तो दुसऱ्यांदा कुठल्याच दुकानात मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे : ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तास चालेल, ९० चा मात्र चारच तास. मोबाईलमध्ये आवाजाला मर्यादा घालण्याची सोय बहुधा असते. ती एकदा लावून टाकावी. डेसिबल मोजायला कुणी यंत्र घेऊन बसत नाही; हेडफोन लावूनही हातभर अंतरावरून कुणी मारलेली हाक ऐकू आली पाहिजे, एवढी खूण घरात पुरे.

यंदा भाऊबीजेला मेहुणे येणार आहेत. कानात यंत्र बसवून घेतले आहे. त्यांचा निरोप आला : "आता हळू बोललात तरी चालेल, आणि तुमच्या गल्लीतल्या पोरांना म्हणावं, सुतळी बॉम्ब जरा लांब लावा."