तुळईवरून उतरलेला पाळणा

साताऱ्याच्या आमच्या वाड्यात मूल रांगायला लागलं की पाळणा माळ्यावर जायचा आणि पुढच्या बारशाला पुन्हा तुळईला टांगला जायचा. आजोबा, वडील, आम्ही भावंडं, सगळ्यांनी त्याच फळ्यांवर अंग टाकलेलं. यंदा लेकीला दिवस गेले आणि पाळणा कऱ्हाडवरून, कृष्णेच्याच वाटेने, सांगलीला आला. 2019च्या ऑगस्टमध्ये इथल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आमच्या इथल्या तळमजल्यावरचं लाकूडसामान फुगून वाया गेलं होतं. पाळणा साताऱ्यात उंचावर होता म्हणून वाचला.

अस्सल साग. कुठे खिळा नाही. खाचेत कुसू बसवून वरून लाकडी खुंटी मारलेली. पण अंगावर ऑइलपेंटचे थरावर थर, हिरव्याखाली निळा, निळ्याखाली तांबडा. दर बारशाला हौसेने दिलेला एकेक हात. माझा जीव त्या रंगांत अडकला होता. तरीही ते काढायलाच हवे होते. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांतल्या शिशाला दहा लाखांत 90 भागांची मर्यादा आपल्याकडे लागू झाली ती 2017 साली. आणि दात शिवशिवायला लागले की मूल सगळ्यात आधी पाळण्याचा काठच चावतं! शिशाची धूळ उडू नये म्हणून सुतारमामांनी कोरडा पॉलिशपेपर लावला नाही. लेकीला दुसऱ्या घरी पाठवलं, अंगणात प्लास्टिक अंथरलं, पाणी मारत मारत रंग खरवडला आणि खरवड पिशवीत बांधून टाकली.

निळ्याखालून काठावरचे दात उमटले. बारीक, जोडीजोडीने. कोणाचे, कोण सांगणार? रंधा तिथे फिरवू दिला नाही. हाताने कडा तेवढ्या मऊ केल्या.

पॉलिशला मिरजेची लाख. तिथल्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला जी चकाकी येते, ती या लाखेचीच. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाची पुरचुंडी फिरवत, हात वाळू देत पुन्हा हात. गोळ्यांवर, मिठाईवरही शुद्ध लाखेचा लेप चालतो, म्हणून मला ती पटली. स्पिरिटचा वास पुरता जाईपर्यंत मात्र पाळणा उन्हावाऱ्यात ठेवला.

जुन्या गजांत माझी मूठ सहज जायची. आता दोन गजांत सहा सेंटीमीटरहून कमी अंतर ठेवायला सांगतात, म्हणून मधे नवे गज खरादावर काढून घातले. ते जुन्यांशेजारी फिकट दिसतात. सुतारमामा म्हणाले, "ताई, रंग मिळवून देऊ?" मी नको म्हटलं. या घरात आता आणखी एक पिढी येतेय, ती दिसू दे.

सांगलीतल्या आमच्या फ्लॅटला तुळई नाही, म्हणून सागाचाच घोडा करायला टाकलाय. पितळी साखळ्या चिंचेने घासायच्या राहिल्यात. त्या मी घासणार आहे, लेकीला वाकू देणार नाही.