वाऱ्याची वाट

घर नवे असो वा जुने, त्यात वारा कोठून येतो आणि कोठून जातो हे मी आधी पाहतो. या परीक्षेत पेठ तालुक्यातले कुडाचे घर मला नेहमीच वरच्या नंबराने पास झालेले दिसते. कारवीच्या काड्या शेजारी शेजारी उभ्या करून त्यांवर शेणमातीचा हात फिरवला की भिंत तयार. अशा घरात वारा परवानगी न विचारता शिरतो आणि चुलीचा धूर बरोबर घेऊन कौलांच्या फटींतून निघून जातो.

मोटारगाडी हेही एक चाकांवरचे घरच. जुन्या फियाट आणि अँबॅसिडर गाड्यांच्या पुढच्या दारांना एक छोटी त्रिकोणी काच असे. ती जराशी कलती केली, की घाटातला वारा थेट तोंडावर येई. त्यात बिघडण्यासारखे काही नव्हतेच. आता गाडीच्या काचा बंद असतात, आणि वारा डॅशबोर्डाच्या आतल्या बोळाबोळांतून वळसे घेत आपल्यापर्यंत पोचतो. एकदा वाट लांबली, की ती कोठेतरी अडणारही!

आमच्या गाडीची वाट अशीच अडली. महिनाभर हवेचा झोत दुबळा होत चालला होता. शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये दाखवले, तेव्हा ‘पंख्याची मोटर गेली, सगळा संचच बदलायला हवा’ असा निकाल मिळाला. खर्चाचा आकडा असा होता, की तो ऐकूनच घाम यावा. उन्हाळा तर सरला होता. थंड हवेवाचून कोणाचे काय अडते, असे म्हणून आषाढात आम्ही पाच जण नाशिकहून पेठेला भाचीकडे निघालो. आईला नातजावयाची आवणी पाहायची होती.

सावळघाटात पावसाने गाठले. या बाजूचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला तो सांगायला नको, आणि ज्याने पाहिला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. बघता बघता पुढची काच आतून दुधासारखी पांढरी झाली. वायपर बाहेरून इमानाने हात फिरवीत होते. पण पडदा होता आतल्या बाजूला! हवा काचेवर सोडण्याचे बटण दाबले, तर जाळीतून नुसता सुस्कारा आला. काचा दोन बोटे खाली केल्या, तर पाऊस आत आला आणि आईला खोकल्याची ढास लागली. शेजारी बसलेली पत्नी टॉवेलाने काच पुसत होती. ती पुसेपर्यंत पुन्हा धुके. एका वळणावर समोरून ट्रक आला. तो ट्रक आहे हे, दोन पिवळे डाग अगदी अंगावर आल्यावरच समजले. ट्रकवाल्याने गाडी दाबून कडेला घेतली म्हणून आम्ही पुढे गेलो. त्यानंतर पेठ येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

पेठेतला मिस्त्री वयाने लहान, पण विचाराने शांत निघाला. हत्याराला हात लावण्याआधी तो गाडीत बसून नुसता ऐकत राहिला. पंखा त्याने एकावर, दोनावर, तीनावर, चारावर फिरवला.

“दादा, पंखा तर चांगला गुरगुरतोय. मोटर मेली असती, तर हा आवाज कुठून आला असता?” तो म्हणाला.

मग त्याने हवा तोंडावर, पायांवर, काचेवर अशी पाळीपाळीने सोडून पाहिली. थोडी का होईना, ती जिकडे सांगावी तिकडे जात होती. म्हणजे आतली दारेही शाबूत. शेवटी त्याने हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण दाबले. झोत किंचित वाढला. बाहेरची हवा मागितली, की पुन्हा सुस्कारा!

“वाट दोन ठिकाणी अडलीय,” असे म्हणून त्याने पत्नीसमोरचा कप्पा उघडून खाली सोडला आणि त्याच्यामागून एक घडीघडीचा चपटा फिल्टर ओढून काढला. मूळचा तो पांढरा होता, हे विश्वासावरच मानावे लागले. तो निघताच पंख्याचा वारा असा सुटला, की आईच्या मांडीवरची पिशवी फडफडली. मग बॉनेट उघडून काचेखालच्या जाळीतून त्याने ओंजळभर चिखल काढला. आमच्या अंगणातल्या शिरीषाची बारीक पाने कुजून तो झाला होता. बाहेरची हवा गाडीत शिरते ती याच जाळीतून. अर्ध्या तासाचे काम झाले. त्याने दोनशे रुपये घेतले आणि बजावले, “हा झटकून बसवतो, पण धुऊ नका. कागद आहे. नाशकात गेल्यावर नवा टाका.”

परतताना पाऊस तसाच होता, पण काच लख्ख होती. पाच माणसांच्या श्वासातली वाफ पावसाने गार झालेल्या काचेवर दव होऊन बसते. गाडीतले यंत्र हवेला थंडगार नळ्यांवरून नेते, तेव्हा तिच्यातले पाणी तेथेच गळून नळीवाटे गाडीखाली टपकते, आणि कोरडी झालेली हवा काच पुसून काढते. म्हणून पावसाळ्यात एसी चालू, हवा बाहेरची आणि झोत काचेवर, हा मंत्र पाठ असावा. आतलीच हवा फिरवत राहिलो, तर धुके वाढतच जाते.

आणखी एक मौज सांगतो. विलिस कॅरिअर याने १९०२ साली हे यंत्र पहिल्यांदा योजले, ते कोणा माणसाला गारवा मिळावा म्हणून नव्हेच! न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत असे आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे. तो दमटपणा काढण्यासाठी ही खटपट होती. पुढे पॅकार्ड कंपनीने १९४० च्या नमुन्यात ते मोटारीत आणले, तेव्हा ते बंद करायला खाली उतरून पट्टा काढावा लागे. दिवाळी अंकाच्या रंगीत मुखपृष्ठाचे आणि घाटातल्या स्वच्छ काचेचे असे हे जुने नाते आहे.

त्या मिस्त्रीकडून मी एक विद्या मात्र मागून घेतली. वारा भरपूर पण गरम, तर दोष गारवा करणाऱ्या भागात. वारा गार पण थोडा, आणि पंख्याचा आवाज मोठा, तर वाट अडलेली; आधी फिल्टर पाहावा. पंखा फक्त सर्वांत वरच्या वेगावरच चालतो, तर बहुधा वेग कमी करणारा रेझिस्टर जळलेला. मागावे तोंडावर आणि हवा जावी पायांकडे, शिवाय आतून टकटक ऐकू यावी, तर दारे फिरवणारी छोटी मोटर थकलेली. सुरुवातीला झोत उत्तम, तासाभराने मंद, आणि थोडे थांबल्यावर पुन्हा पहिल्यासारखा, असे असेल तर आतल्या नळ्यांवर बर्फ धरतो आहे. यातले बरेचसे नुसते कान देऊन कळते, आणि कान द्यायला पैसे पडत नाहीत.

शिरीष आम्ही तोडला नाही. वैशाखात त्याच्याइतका गारवा कोणते यंत्र देईल? दर रविवारी जाळीवरची पाने वेचण्याचे काम नातवाने आपणहून घेतले आहे. यंदा भाऊबीजेला भाची माहेरी यायची आहे, तिला आणायला पुन्हा त्याच घाटातून जायचे आहे. नवा फिल्टर परवाच बसवला. आईने तो आधी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी नीट पाहिला, आणि मगच बसवू दिला.